धूर बाहेर जाण्याची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रात्री अकराच्या सुमाराला गल्लीतून एखादी गाडी धडधडत जाते आणि पाळण्यातले मूल दचकून उठते. आपण चडफडत म्हणतो, 'सायलेन्सरची पुंगळी काढलेली दिसते.' गाडीवाल्याला मात्र वाटत असते, आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली! हा समज बराच जुना आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे. ते किती, हे समजून घ्यायचे तर मोटारीच्या धुराच्या नळीचा इतिहास पाहायला हवा. त्यासाठी अमेरिकेत, कॅलिफोर्नियात जावे लागेल.

आधी इंजिनाविषयी दोन शब्द. मोटारीच्या इंजिनाला चार कामे करावी लागतात. हवा-पेट्रोलचे मिश्रण आत ओढायचे, ते दाबायचे, पेटवायचे आणि जळून झालेला धूर बाहेर टाकायचा. हे चौथे काम नीट झाले नाही, तर धूर ढकलण्यातच काही ताकद खर्च होते. शिवाय आत उरलेला धूर जागा अडवतो, आणि ताजे मिश्रण तेवढे कमी येते.

कारखान्यातून निघालेल्या जुन्या गाड्यांना बहुधा बिडाचा मॅनिफोल्ड असे. स्वस्त, टिकाऊ आणि आटोपशीर. पण त्यात सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच आखूड बोळात येऊन पडतो. नाटक सुटल्यावर सारे प्रेक्षक एकाच दाराशी लोटावेत, तशी गत! 'हेडर' म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोलादी नळी. या नळ्या शक्य तितक्या सारख्या लांबीच्या असतात आणि पुढे जाऊन एकत्र मिळतात. धूर सलग वाहत नाही, हिसक्या-हिसक्याने निघतो. प्रत्येक हिसक्यामागे दाब कमी होतो. नळ्यांची लांबी नेमकी साधली, तर हा कमी दाब सिलिंडरात उरलेला धूरही ओढून काढतो.

आता कॅलिफोर्नियाकडे वळू. १९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्य माणसाच्या आवाक्यातली आठ सिलिंडरांची गाडी काढली. इंजिन सुमारे ३.६ लिटरचे, ताकद ६५ अश्वशक्ती. जुन्या झालेल्या या गाड्या स्वस्तात घ्यायच्या, त्यांतले अनावश्यक पत्रे उतरवायचे आणि वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत पळवायच्या, हा तिथल्या तरुणांचा छंद झाला. वेग मोजण्याचे नियम ठरवायला १९३७ साली 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' ही संघटना उभी राहिली. महायुद्ध संपल्यावर यंत्रांवर हात बसलेले जवान परतले आणि हा छंद फोफावला. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचे मासिकही सुरू झाले.

खिशात पैसे येतील तसतशी गाडी सुधारायची, हा या तरुणांचा रिवाज. आधी काचेच्या लोकरीने भरलेला, धुराला सरळ जाऊ देणारा सायलेन्सर. मग एकीऐवजी दोन नळ्या, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक. त्यानंतर हेडर. पुढे कार्बुरेटर आणि कॅमशाफ्ट. या पायऱ्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. धूर मोकळा झाला की हवा जास्त येते, म्हणून पेट्रोलचे प्रमाणही पुन्हा बसवावे लागते. उगाच जाड नळी लावली, तर धुराचा वेग मंदावतो आणि कमी वेगातली ओढ जाते. आवाज मोठा, गाडी मात्र चढावर दमते!

फोर्डच्या त्या इंजिनाने आणखी एक धडा शिकवला. त्याच्या प्रत्येक बाजूला सिलिंडर चार, पण धुराची भोके तीनच. मधल्या दोन सिलिंडरांना एकच वाट, आणि तीही इंजिनाच्या ठोकळ्यातून. त्यामुळे पाणी तापायचे ते निराळेच. बाहेर कितीही सुबक नळ्या लावल्या, तरी आतला अडथळा तसाच राहायचा. १९५५ साली शेव्हरोलेचे ४.३ लिटरचे नवे इंजिन आले. त्यात प्रत्येक सिलिंडरला धुराची स्वतंत्र वाट होती. आता चार नळ्यांचे हेडर खऱ्या अर्थाने कामाला आले. गाठ कुठे आहे हे आधी ओळखावे, मग सोडवायला बसावे, हेच खरे.

१९५७ साली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत सॅम हँक्स यांनी जिंकली. त्यांच्या गाडीचे नाव 'बेलाँड एक्झॉस्ट स्पेशल'. धुराच्या नळ्या बनवणाऱ्या एका व्यवसायाचे नाव अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शर्यतीच्या विजेत्या गाडीवर झळकले! पुढच्याच वर्षी तीच गाडी जिमी ब्रायन यांच्या हाती पुन्हा पहिली आली. गॅरेजमधला छंद आता मोठा धंदा झाला होता.

पण त्याच काळात त्याच कॅलिफोर्नियात लॉस एंजलिसचे लोक डोळे चोळत होते. शहरावर तपकिरी धुरके उतरत होते. हाखेन-स्मिट या मूळच्या डच रसायनतज्ज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याचे मूळ शोधले. मोटारींच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, आणि तोच डोळ्यांना, छातीला त्रास देतो. ज्या शहराला वेगाचे वेड, त्याचाच श्वास कोंडत होता.

मग नळीत एक नवी पायरी आली, आणि ती कायद्याने आणली. अमेरिकेत १९७० साली स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला आणि १९७५ च्या बहुतेक नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला. यात मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो, तो विषारी वायूंचे रूप बदलतो. शिशाने हा थर निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोल विकणे भाग पडले. १९७६ मध्ये व्होल्वो गाडीच्या धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. आता इंजिन आपल्याच धुराची चव घेऊन पेट्रोलचे प्रमाण ठरवू लागले!

यामुळे हौशी माणसाच्या पायऱ्याही बदलल्या. कन्व्हर्टर काढून टाकणारे होतेच. पण जाणकारांनी कन्व्हर्टरला हात न लावता त्याच्या मागचा भाग तेवढा सुधारायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात तर रस्त्यावरच्या गाडीला नवे हेडर बसवायचे असेल, तर त्याने प्रदूषण वाढत नाही असे सरकारी मंजुरीचे पत्र त्या मालाला लागते.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २००० साली शिशाचे पेट्रोल देशातून हद्दपार झाले. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे निकष आले. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याची मनाई आहे. तरीही पुंगळ्या निघतातच. आजच्या गाडीत ती नळी, तो सेन्सर आणि तो कन्व्हर्टर यांचे गणित एकत्र बसवलेले असते. त्यातला एक आकडा खोडला, तर उत्तर सुधारत नाही, चुकते.

यंत्रात हात घालण्याची हौस वाईट नाही. तिच्यातूनच विद्या वाढली. पण कॅलिफोर्नियातल्या त्या जुन्या पोरांची एक रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्या काही गाड्यांना बाजूने जादा नळ्या असत आणि त्यांच्या तोंडाला झाकणे. तळ्याच्या पात्रात, जिथे दूरवर वस्ती नाही, तिथे ती झाकणे उघडायची, आणि गावाकडे परतताना बोल्ट पिळून घट्ट बंद करायची. तेवढे झाकण आपल्या गल्लीतही बसले, तर पाळण्यातले मूल निवांत झोपेल.