स्ट्रिपाकांठचें बुचाच व त्याचें विखुरलेलें दप्तर

पश्चिम युक्रेनच्या तेर्नोपिल प्रांतांत स्ट्रिपा नांवाची एक लहान नदी द्निस्तर नदीस जाऊन मिळते. तिच्या कांठीं, टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागांत, बुचाच हें गांव वसलेलें आहे. इ. स. २०२२ च्या मार्च महिन्यांत जेथें रशियन सैन्यानें नागरिकांची हत्या केली, तें कीव शहरालगतचें बुचा निराळें. नांवांच्या सारखेपणामुळें घोटाळा होऊं नये, म्हणून आरंभींच हा खुलासा केला आहे. बुचाचचा इतिहास लिहूं पाहणारास पहिली अडचण येते ती ही कीं, गांव एके ठिकाणीं आणि त्याचे कागद दुसऱ्या चार ठिकाणीं.

या गांवाचें नांव युरोपच्या राजकारणांत आलें तें एका तहामुळें. ता. १८ ऑक्टोबर १६७२ (शके १५९४) रोजीं तुर्की सुलतान चौथा महंमद व पोलंडचें राज्य यांच्यामध्यें येथें तह होऊन पोडोलिया प्रांत तुर्कांकडे गेला व पोलंडनें वर्षास २२,००० सुवर्णनाणीं खंडणी द्यावी असें ठरलें. हा तह एका जुन्या लिंडन वृक्षाखालीं झाला, अशी स्थानिक आख्यायिका आहे. पोलंडच्या सभेनें तह नाकारला व युद्ध पुन्हां पेटलें. इ. स. १६७६ च्या झुराव्नोच्या तहानें खंडणी सुटली, पण पोडोलियाचा बहुतेक भाग तुर्कांकडेच राहिला, आणि बुचाचपाशीं स्ट्रिपा ही सरहद्द झाली. एका तीरावर पादशहाचा अंमल, दुसऱ्या तीरावर राजाचा. गांव मधोमध चिरलें गेलें. १६९९ च्या कार्लोविट्झच्या तहानें पोडोलिया पोलंडला परत मिळाला. मध्यंतरीं तुर्कांनीं या प्रांताची सविस्तर मोजदाद करून घेतली होती. तिला ते ‘देफ्तेर’ म्हणत. आपलें ‘दप्तर’ तें हेंच, हें वाचकांस सांगावयास नको.

अठराव्या शतकांत पोटोत्स्की घराण्याच्या आश्रयानें गांवास बरे दिवस आले. मेरेटिन या स्थपतीनें बांधलेलें नगरगृह व त्यावरील पिन्झेल या शिल्पकाराच्या मूर्ती पाहण्यास आजही रसिक येतात. या पिन्झेलचें पूर्ण नांवही फार काळ ठाऊक नव्हतें. अखेर बुचाचच्या चर्चच्या नोंदवहींत त्याचा १७५१ सालचा विवाह सांपडला. त्याच्या विधवेनें १७६२ मध्यें पुनर्विवाह केल्याची नोंदही मिळाली, आणि त्यावरून त्याचा मृत्युकाल ठरला. एका नोंदवहीनें एवढें काम केलें!

१७७२ च्या विभागणींत गांव ऑस्ट्रियाकडे गेलें. पोल, युक्रेनियन व ज्यू असे तीन समाज तेथें शेजारीं नांदत होते. पहिल्या महायुद्धांत स्ट्रिपेवर पुन्हां आघाडी आली व गांव आळीपाळीनें दोन्ही सैन्यांच्या हातीं गेलें. १९१० सालीं तेथें ७,७७७ ज्यू होते. १९२१ मध्यें पोलंडच्या अंमलाखालीं ३,८५८ उरले.

दुसऱ्या महायुद्धाची हकीकत लिहितांना लेखणी अडखळते. सप्टेंबर १९३९ मध्यें सोव्हिएट सैन्य आलें व हद्दपारी सुरू झाली. जुलै १९४१ मध्यें जर्मन आले. पुढील दोन वर्षांत ज्यूंपैकीं कांहींस आगगाडीनें बेल्झेट्सच्या मृत्युछावणींत नेलें, कांहींस गांवालगतच्या फेडोर टेकडीवर गोळ्या घातल्या. १९४४ च्या मार्चअखेर लाल सैन्य पोंचलें, तेव्हां सुमारें ८०० ज्यू लपण्याच्या जागांतून बाहेर आले. परंतु थोड्याच दिवसांत जर्मनांनीं गांव परत घेतलें. जुलैमध्यें तें दुसऱ्यांदा मुक्त झालें, तेव्हां १०० ज्यूही शिल्लक नव्हते. युक्रेनियन सशस्त्र टोळ्यांचे हल्ले पोल वस्तीवर झाले, आणि नव्या सरहद्दीप्रमाणें उरलेल्या पोल लोकांस पोलंडांत पाठविण्यांत आलें. येणेंप्रमाणें तीन समाजांचें गांव एका समाजाचें झालें, व जाणाऱ्यांबरोबर त्यांच्या आठवणीही परदेशीं गेल्या.

समकालीन अस्सल पत्र पहिलें व बखर मागाहून, हा आपल्या संशोधकांचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. पण बुचाचला तो जसाच्या तसा लावल्यास काय होईल? तेथील समकालीन सरकारी कागद हा मारणाऱ्याच्या कचेरींतला. त्यांत माणसांची संख्या मिळेल. कोणत्या शेजाऱ्यानें कोणास पोटमाळ्यावर लपविलें आणि कोणत्या शेजाऱ्यानें धरून दिलें, हें मिळणार नाहीं. तें मिळतें मागाहून दिलेल्या जबान्यांत, म्हणजे आपण ज्यास बखरीच्या पंक्तीस बसवूं अशा साधनांत. त्या जबान्या टाकून दिल्या तर मेलेल्यांची बाजू पुराव्याअभावीं फेटाळल्यासारखें होईल. ओमेर बार्टोव्ह या इतिहासकारानें (यांची आई याच गांवांत वाढली) २०१८ च्या आपल्या ग्रंथांत सरकारी दप्तरें व अशा जबान्या एकमेकांसमोर ठेवून हा पेंच सोडविला आहे. २०२० मध्यें त्यांनीं तीन समाजांतील तीन व्यक्तींचीं टिपणें एकत्र छापलीं: पोल सिएविन्स्की, युक्रेनियन पेट्रिकेविच व ज्यू विझिंगर. पहिले दोघे शिक्षकी पेशांतले होते, हें या लेखकास विशेष वाटलें. तिन्ही एकापाठोपाठ वाचलीं म्हणजे ध्यानांत येतें कीं, प्रत्येकाच्या लेखणींत आपल्या समाजाची जखम ठळक आहे आणि शेजाऱ्याची पुसट. एकच टिपण हातीं असतें, तर आपण तेंच गांव समजलों असतों.

कागदांचें मोल जाणणारा एक पुरुषही बुचाचनेंच दिला. इमॅन्युएल रिंगेल्ब्लूम यांचा जन्म १९०० सालीं येथें झाला. वॉर्साच्या कोंडवाड्यांत त्यांनीं सहकाऱ्यांसह पत्रें, रोजनिशा, जाहिराती, तिकिटेंसुद्धां गुप्तपणें जमविलीं आणि पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनांत भरून जमिनींत पुरलीं. मार्च १९४४ मध्यें त्यांस ठार मारण्यांत आलें. त्या दप्तराचा एक हिस्सा १९४६ मध्यें व दुसरा १९५० मध्यें उकरून निघाला. तिसरा अद्याप सांपडलेला नाहीं.