खुलन्याच्या नदीतून परतलेली माणसं

वेण्णेला पूर आला की आपण मेढ्याच्या बायका लेकरांना काठाकडं फिरकू देत नाही. आज आम्ही अशा एका नदीची हकीगत सांगणार आहोत, जिथं वरून आग पडत होती आणि तरी माणसं एकमेकांना पाण्यातून ओढून काढत होती.

साल १९७१. बांगलादेशाचं मुक्तियुद्ध. तिथं रस्त्यापेक्षा नदीच मोठी वाट. बंगाली तरुणांना पाण्यातल्या लढाईसाठी तयार करायचं काम आपल्या नौदलाचे अधिकारी मोहन नारायणराव सामंत यांच्याकडं होतं. प्लासीजवळ, भागीरथीच्या काठी, ही पोरं छातीला सुरुंग बांधून पोहायला शिकली. १५ ऑगस्टच्या रात्री त्यांनी बंदरांतल्या जहाजांना सुरुंग लावले. हल्ल्याची खूण काय होती? आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर लागलेली दोन गाणी! घरोघरी बायका तीच गाणी ऐकत असतील, पण त्यांना कसला पत्ता?

डिसेंबरात सामंत स्वतः बोटी घेऊन निघाले. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या बंदरातल्या साध्या कामाच्या बोटी, त्यांवर तोफा बसवलेल्या. सोबत नौदलाची ‘पनवेल’, आपल्या पनवेलच्या नावाची. १० डिसेंबरला सकाळी त्या मोंगला बंदरात शिरल्या आणि दुपारी खुलन्यापाशी पोचल्या. तेवढ्यात विमानं आली. आपलीच होती. बोटींवर ओळखीची पिवळी खूण होती, तरी त्या शत्रूच्या समजून वैमानिकांनी मारा केला. पद्मा आणि पलाश दोन्ही गेल्या.

माणसांनी पाण्यात उड्या टाकल्या, तर काठावरून शत्रूच्या गोळ्या. पद्मावरचे नाविक चिमन सिंग स्वतः जखमी होते. गटांगळ्या खाणाऱ्या दोघांना त्यांनी काठाला आणलं आणि त्या दोघांना निसटता यावं म्हणून स्वतः शत्रूच्या समोर धावले. ते पकडले गेले, पण युद्ध संपल्यावर जिवंत सुटले. पलाशच्या इंजिनावर काम करणारे रुहुल अमीन मात्र वाचले नाहीत. बांगलादेशानं त्यांना ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वात मोठा मान दिला. सामंतांनी गोळ्यांच्या माऱ्यातच बुडालेल्या बोटींवरची माणसं वाचवली. त्यांना आणि चिमन सिंगांना महावीर चक्र मिळालं.

सामंतांनी मिळून लिहिलेलं पुस्तक आलं २०१९ साली, म्हणजे ४८ वर्षांनी. त्याच वर्षी ते गेले. थोडा उशीर झाला असता, तर बरंच काही त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

आपला सातारा फौजींचा. अपशिंग्याच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं. एकाहत्तरला गेलेले आपले दादा, काका, आजोबा आता सत्तरी ओलांडून गेलेत. जिंकल्याचं ते सांगतात. पण आपल्याच माणसाची चूक, डोळ्यांदेखत गेलेला सोबती, हे गळ्यातच अडकून राहतं. म्हणून आमचं एक म्हणणं आहे. गटातल्या दोघीजणी मिळून चहाच्या वेळी त्यांच्याजवळ बसा, त्यांना विचारून मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. पदकाचं नंतर विचारा. आधी विचारा, “तुमच्या सोबत कोण होतं?”