फूल की दोन पाने?

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात मतदान झाले, पण त्या दिवशी उमेदवार एकही उभा नव्हता. मतदारांपुढे दोनच चित्रे होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन होणे, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहणे. दमण आणि दीवच्या लोकांसाठी महाराष्ट्राच्या जागी गुजरात होता, एवढाच फरक.

स्वतंत्र भारतात जनतेला असे थेट विचारण्याचे प्रसंग फार थोडे आले. जुनागढला १९४८ मध्ये विचारले, सिक्कीमला १९७५ मध्ये. पण तिथे प्रश्न भारतात सामील होण्याचा होता. गोवा तर भारतात आलेला होता. तिथे लोकांनी निवडून दिलेली विधानसभा होती, मुख्यमंत्री होते. मग प्रतिनिधी असताना लोकांना पुन्हा विचारायची गरज का पडली?

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. तीस जागांच्या विधानसभेत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सर्वांत मोठा ठरला आणि दयानंद बांदोडकर, म्हणजे भाऊसाहेब, मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण हा तर या पक्षाचा मुख्य मुद्दा. १९६५ मध्ये विधानसभेने तसा ठराव केला. महाराष्ट्रात आपल्याला वाटले, झाले, आता फक्त शिक्का मारायचा राहिला.

विरोधात युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा होते. त्यांचे म्हणणे असे, की एवढा मोठा निर्णय आमदारांच्या साध्या बहुमतावर घेऊ नका, लोकांना विचारा. ही मागणी त्या वेळी अनेकांना रडीचा डाव वाटली. निवडणूक हरलेला माणूस दुसरे काय म्हणणार? पण सिक्वेरा यांच्या बोलण्यात एक बारीक खोच होती. आमदाराला मत देताना आपण एका गोष्टीला मत देत नाही, अख्ख्या गाठोड्याला देतो. भाऊसाहेबांच्या गाठोड्यात गावोगावच्या मराठी शाळा होत्या, कुळांना संरक्षण होते, भाटकारापुढे पिढ्यान् पिढ्या मान खाली घालून उभ्या राहिलेल्या बहुजनांचा स्वाभिमान होता. विलीनीकरणही त्याच गाठोड्यात होते. पण गाठोडे उचलणाऱ्याला आतली प्रत्येक वस्तू हवी असतेच असे नाही.

शेवटी १९६६ च्या डिसेंबरात संसदेने त्यासाठी खास कायदा केला, कारण आपल्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. त्याला ‘ओपिनियन पोल’ म्हटले गेले. मुख्यमंत्रिपदाच्या खुर्चीचा कौलावर परिणाम नको, म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने मतदानाआधी राजीनामा दिला. आज ही गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याला दंतकथा वाटते.

मग प्रचार पेटला. महाराष्ट्रातून नेते आणि वक्ते गोव्यात उतरले. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने, तर ‘राष्ट्रमत’ विरोधात. गंमत अशी, की विलीनीकरणाविरुद्ध लढणारा ‘राष्ट्रमत’ मराठीत निघत होता. त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गाजले. उल्हास बुयांव यांची कोकणी गाणी गावोगाव फिरली.

मतमोजणी झाली. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. ख्रिश्चन एकीकडे आणि हिंदू दुसरीकडे असा धर्माचा हिशेब मांडून बसलेले सगळे चुकले. गोव्यात हिंदू साठ टक्क्यांच्या आसपास होते. त्यांतल्या पुष्कळांनी दोन पाने निवडल्याशिवाय हा आकडा लागूच शकत नव्हता. माणसाच्या नावावरून त्याचे मत ओळखता येते, असे समजणारे अजूनही आहेत. माझे नाव ऐकून ‘तुम्ही मराठीत कसे लिहिता?’ असे विचारणारे लोक मला आजही भेटतात, त्यामुळे हा आकडा मला थोडा जास्तच आवडतो.

म्हणजे थेट विचारणेच खरे आणि प्रतिनिधी खोटे? इतके सोपे नाही. त्या मतपत्रिकेत दोनच उत्तरे होती आणि ती दिल्लीत ठरली. ‘आमचे स्वतःचे राज्य हवे’ असे ज्यांना वाटत होते, त्यांना तिसरे चित्रच नव्हते. ते राज्य पुढे ३० मे १९८७ रोजी आले आणि तेही सार्वमताने नव्हे, संसदेतून. भाषेचा तंटाही कौलाने मिटला नाही. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद धुमसत राहिला, १९८५-८६ च्या आंदोलनात माणसे मेली, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा करताना मराठीच्या वापरालाही जागा ठेवावी लागली. अशी तडजोड फूल आणि पाने यांत मावत नाही. त्यासाठी एकमेकांसमोर बसून भांडणारे प्रतिनिधीच लागतात.

दुसरा प्रश्न, विचारायचे कोणाला? पोटापाण्यासाठी मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांनाही मत द्या, अशी सिक्वेरांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. थेट लोकशाहीचे माहेरघर म्हणून आपण ज्याचे नाव घेतो त्या स्वित्झर्लंडमध्ये तर याहून मोठी गफलत झाली. बायकांना देशाच्या निवडणुकांत मत द्यावे का, हे तिथे १९५९ मध्ये सार्वमताला टाकले. मत देणारे सगळे पुरुष. ते ‘नाही’ म्हणाले. बायकांना तो हक्क मिळायला १९७१ उजाडावे लागले, तेही पुरुषांच्याच मतांनी.

गोव्यात मात्र कौलानंतर जे घडले ते आपण महाराष्ट्रात फारसे सांगत नाही. हार झाली म्हणून आपल्याकडे अनेकांना वाटले, गोवेकरांनी भाऊसाहेबांना नाकारले. पण कौलानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. त्याच मतदारांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला तीसपैकी १६ जागा दिल्या. युनायटेड गोवन्सला १२ मिळाल्या. विलीनीकरण नको, पण विलीनीकरण मागणारा माणूस हवा. ज्या गोव्याला महाराष्ट्रात न्यायचे होते त्या वेगळ्या राहिलेल्या गोव्याचा कारभार भाऊसाहेब पुढे १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पाहत राहिले.