वॉकर करंडक आणि बुश घराणे

राजकारणात पिढ्यानपिढ्या वावरलेल्या घराण्यांची ओळख निवडणुका, पदे आणि युद्धे यांवरून होते. अमेरिकेच्या बुश घराण्याचा लौकिक मात्र सत्तेच्या आधी गोल्फच्या हिरवळीवर सुरू झाला, आणि तोही आजोळच्या आडनावाने.

सेंट लुईसचे बँक-व्यावसायिक जॉर्ज हर्बर्ट वॉकर हे १९२० मध्ये युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनचे अध्यक्ष होते. खेळाच्या नियमांविषयी त्या वर्षी ब्रिटनमधील धुरीणांशी बोलणी झाली. त्याच सुमारास देशादेशांतील सामन्यांची कल्पना पुढे आली आणि वॉकर यांनी करंडक देऊ केला. वृत्तपत्रांनी त्याला दात्याचेच नाव दिले. १९२२ मध्ये लाँग आयलंडवर झालेला पहिला अधिकृत सामना अमेरिकेने ग्रेट ब्रिटन व आयर्लंडविरुद्ध ८–४ असा जिंकला. ब्रिटिश कर्णधार आजारी पडला, तेव्हा वार्तांकनासाठी आलेले ‘टाइम्स’चे बर्नार्ड डार्विन, म्हणजे उत्क्रांतिवादाच्या जनकाचे नातू, लेखणी बाजूला ठेवून मैदानात उतरले आणि आपला एकेरी सामना जिंकूनही गेले! हौशी खेळाडूंच्या या स्पर्धेची प्रकृती एवढ्यावरून ध्यानी यावी.

वॉकर यांची कन्या डोरोथी हिचा विवाह १९२१ मध्ये प्रेस्कॉट बुश यांच्याशी झाला. हे जावईही १९३५ मध्ये त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले. सिनेटवर ते निवडून आले १९५२ मध्ये, म्हणजे तब्बल सतरा वर्षांनी. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना त्यांच्यासह खेळणे आवडे. त्या काळी याचा कोणी फारसा बाऊ केला नाही.

पुढच्या पिढ्यांना ही सवलत मिळाली नाही. मेन राज्यातील केप अरंडेल हे कुटुंबाचे जिव्हाळ्याचे मैदान. ज्येष्ठ जॉर्ज बुश तेथे एवढ्या झपाट्याने खेळत, की इतरांना चार तास लागणारा अठरा होलचा डाव ते दोन तासांच्या आत आटोपत. पण ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यानंतरही हा क्रम चालू राहिला, तेव्हा टीकेची झोड उठली. पुत्र जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी तर ऑगस्ट २००२ मध्ये दहशतवादाविरुद्ध गंभीर निवेदन केले आणि त्याच श्वासात वार्ताहरांना आपला फटका पाहावयास सांगितले. एका क्षणाची ती चित्रफीत जगभर फिरली.

सैनिकांच्या मातांना सरसेनापती गोल्फ खेळताना दिसू नये म्हणून आपण खेळ सोडला, असे त्यांनी २००८ मध्ये एका मुलाखतीत सांगितले. ऑगस्ट २००३ च्या बगदादमधील स्फोटाचा त्यांनी दाखला दिला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरातही ते खेळले होते, हे बातमीदारांनी लगोलग दाखवून दिले. शिवाय ज्या घरची मुले परतलीच नाहीत, त्यांच्यापुढे एका छंदाचा त्याग कितीसा मोठा, हा प्रश्नही रास्तच होता. पद सोडल्यावर ते पुन्हा खेळू लागले. २०११ पासून त्यांच्या संस्थेने जखमी माजी सैनिकांसाठी एक गोल्फ स्पर्धा सुरू केली; तिच्यात युद्धात पाय गमावलेले सैनिकही कृत्रिम पायांवर उभे राहून खेळले.