वाकळीची शिवण : चिंध्यांतून बटवा, चंची आणि दुपटे

हुपरी म्हटले की चांदीचे पैंजण आठवतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातले हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर ओळखले जाते. याच परिसराची दुसरी ओळख कापडाची आहे. हुपरीपासून जवळच असलेल्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला. तेथील जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या उद्योगाला उत्तेजन दिले आणि पुढे इचलकरंजी वस्त्रनगरी झाली.

सराफी धंद्यात धुळीलाही मोल असते. सोनारांच्या दुकानांसमोरची धूळ चाळून त्यातील सोन्याचांदीचे कण वेगळे काढणाऱ्या झारेकऱ्यांचा व्यवसायच त्यावर उभा राहिला. कापडाच्या बाबतीत ही दृष्टी घरातील बायकांनी जपली. शिंप्याकडील कातरण, विरलेले लुगडे, फाटक्या सदऱ्याची धड राहिलेली पाठ यांतून त्यांनी वाकळ उभी केली. आता वाकळ शिवणारे हात कमी होत आहेत. ही शिवण पुढे न्यायची तर मोठ्या वाकळीचा आग्रह थोडा बाजूला ठेवून लहान वस्तूंपासून सुरुवात करणे हा सोपा आणि टिकाऊ मार्ग आहे.

वाकळ म्हणजे काय?

महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत जिला गोधडी म्हणतात, तिलाच कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात. जुन्या मऊ सुती कापडाचे थर एकमेकांवर पसरायचे, वर-खाली त्यातल्या त्यात चांगले कापड घ्यायचे, जेथे कापड अपुरे पडेल तेथे तुकडे जोडायचे आणि सर्व थर धावदोऱ्याने एकत्र शिवायचे, अशी ही साधी रचना असते. काही जणी कडेपासून आत चौकोनी फेरे घेत येतात, तर काही जणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर ओळी घालतात. वाकळ झिजली की ती टाकून न देता तिच्यावर नवे कापड घालून पुन्हा शिवतात. त्यामुळे एकाच वाकळीत घरातील दोन-तीन पिढ्यांचे कपडे सापडू शकतात.

या रचनेचा आधार नऊवारी सुती लुगडे हा होता. धुऊन धुऊन मऊ झालेल्या एका लुगड्यात वाकळीचे बरेचसे कापड निघे. आज घरातून निघणाऱ्या बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात. त्यांची वाकळ दिसायला रंगीत होते, पण ती घाम टिपत नाही आणि तिचे थर एकमेकांवरून सरकतात. दुसरी अडचण वेळेची. सहा फूट लांब व साडेचार फूट रुंद वाकळीवर अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळी घातल्या, तर १०८ ओळी होतात आणि शिवणीची एकूण लांबी ६४८ फूट, म्हणजे जवळजवळ २०० मीटर भरते. दर अर्ध्या इंचात एक टाका धरला तरी टाके पंधरा हजारांवर जातात. वाकळ शिवून देणाऱ्या बाईशी मजुरीची घासाघीस करताना हा हिशेब डोळ्यांसमोर असायला हवा.

याउलट एखादा बटवा दोन-तीन दुपारींत पुरा होतो. टाका तोच, थर तेच, तुकडे जोडण्याची रीतही तीच. म्हणूनच शिकणाऱ्याने बटव्यापासून सुरुवात करावी.

तुकड्यांची निवड

तुकडे जोडलेली वस्तू पहिल्या धुण्यातच बिघडते, ती बहुधा निवडीतील चुकीमुळे. सुती कापड धुतल्यावर आटते, पॉलिस्टर जवळजवळ आटत नाही. दोन्ही शेजारी जोडले तर शिवणीवर सुरकुत्या पडतात. म्हणून सुतीला सुती आणि जाडीला जाडी हा पहिला नियम. कापड ओळखता येत नसेल, तर त्याचा एक धागा चिमट्यात धरून ताटलीवर जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो.

शिंप्याकडून आणलेली कातरण कोरी असते. ती आधी धुवावी. सुटे तुकडे धुताना धागे सुटून गुंता होतो, म्हणून ते जाळीच्या पिशवीत घालून धुवावेत. गडद लाल, निळा व काळा रंग पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून पाहावा. फडक्याला रंग लागला, तर तो तुकडा फिक्या कापडाशेजारी वापरू नये.

जुन्या कपड्याचा तुकडा उजेडासमोर धरावा. जेथे वीण विरळ दिसेल तो भाग वर न घेता मधल्या थरात घालावा. खणाचे कापड आणि इरकली लुगड्याचे काठ शोभिवंत दिसतात, पण खणाचे धागे कडेने लवकर सुटतात. त्याला पाव इंचाऐवजी अर्धा इंच शिवण सोडावी.

कापडाचा उभा आणि आडवा धागा पाहूनच तुकडा कापावा. उरेब कापलेला तुकडा ताणला जातो आणि चौकोनाचा चौकोन राहत नाही. जुन्या पुठ्ठ्याचा एक चौकोन कापून तोच साचा सर्व तुकड्यांसाठी वापरावा. तुकड्यांत पाव इंचाचा फरक असला, तरी सहा तुकडे जोडेपर्यंत ओळ दीड इंचाने चुकते.

पैंजणांसाठी बटवा

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. लोकर आणि रबर यांतही गंधक असते, म्हणून चांदीचे दागिने लोकरी कापडात गुंडाळू नयेत किंवा रबराने बांधून ठेवू नयेत. धुऊन पूर्ण वाळवलेल्या मऊ सुती कापडाचा बटवा त्यांना चांगला. त्यात दागिना दागिन्यावर घासून ओरखडेही पडत नाहीत.

साहित्य : तीन इंची चौकोनी १८ तुकडे, अस्तरासाठी ८ इंच रुंद व साडेपंधरा इंच लांब सुती कापड, तेवढेच जुने मऊ कापड मधल्या थरासाठी, नेफ्यासाठी ८ × ३ इंचांच्या दोन पट्ट्या आणि प्रत्येकी २२ इंचांच्या दोन नाड्या.

कृती : पाव इंच शिवण धरून तीन-तीन तुकड्यांच्या सहा ओळी जोडाव्यात. शेजारच्या ओळींच्या शिवणी एकमेकींच्या विरुद्ध दिशेला दाबाव्यात, म्हणजे ओळी जोडताना कोपरे नेमके जुळतात. सहाही ओळी जोडल्या की ८ × साडेपंधरा इंचांचे कापड तयार होते. त्याखाली मधला थर ठेवून आधी कच्चा धावदोरा घालावा. मग मधून कडेकडे अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळी घालाव्यात आणि कच्चा दोरा उसवून टाकावा.

नेफ्याच्या पट्ट्यांची आखूड टोके अर्धा अर्धा इंच दुमडून शिवावीत आणि पट्टी लांबीत दुहेरी करावी. तुकड्यांच्या कापडाची सुलट बाजू वर ठेवून दोन्ही आखूड कडांवर एकेक पट्टी मधोमध ठेवावी. कडेला कड लावावी, घडी आतल्या बाजूला असावी. त्यावर अस्तर उलटे पसरून फक्त या दोन आखूड कडा शिवाव्यात. आता कापड असे उघडावे की एका बाजूला तुकड्यांचे कापड दुमडून स्वतःवर येईल आणि दुसऱ्या बाजूला अस्तर स्वतःवर येईल. दोन्ही लांब कडा शिवाव्यात. अस्तराच्या एका कडेला तीन इंच फट ठेवावी, तीतून बटवा सुलट करावा, फट हाताने शिवावी आणि अस्तर आत सारावे. एक नाडी डावीकडून दोन्ही नेफ्यांतून फिरवून डावीकडेच गाठवावी, दुसरी उजवीकडून तशीच घालावी. दोन्ही नाड्या एकदम ओढल्या की बटव्याचे तोंड मिटते.

चंची

पान, सुपारी, कात, चुना यांसाठी कप्पे असलेली, गुंडाळून दोरीने बांधायची चंची खेड्यापाड्यांतील वडीलधाऱ्यांच्या कमरेला असे. पान खाणे कमी झाले तरी चंचीची सोय आजही तितकीच उपयोगी आहे. सुया-दोरे, चष्मा, प्रवासातील औषधे किंवा कानांतले नीट ठेवण्यासाठी ती सुटसुटीत पडते.

तुकडे जोडून सुमारे ८ × १६ इंचांचे कापड करावे आणि त्याच मापाचे अस्तर घ्यावे. कप्प्यांसाठी ८ × ५ इंचांचे कापड घेऊन त्याची वरची लांब कड दुमडून शिवावी. हे कापड अस्तराच्या एका आखूड कडेशी जुळवून ठेवावे आणि त्यावर उभ्या टिपा घालून तीन-चार कप्पे पाडावेत. अस्तर, मधला थर आणि तुकड्यांचे कापड एकत्र धरून धावदोरा घालावा, मात्र कप्प्यांची तोंडे शिवली जाणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. चारही कडांना उरेब पट्टीचा गोट लावावा. उरेब पट्टी ताणली जात असल्याने ती कोपऱ्यावर सुरेख वळते. कप्प्यांच्या विरुद्ध टोकाला गोटातच नाडी अडकवावी आणि कप्प्यांच्या बाजूने चंची गुंडाळून नाडी बाहेरून बांधावी.

बाळाचे दुपटे

पाच इंची ६४ चौकोन घेऊन आठ-आठच्या आठ ओळी जोडल्या की ३६ इंचांचे चौकोनी दुपटे होते. कडांची शिवण धरून कापड साडेछत्तीस इंचांचे भरते. खालचे कापड सर्व बाजूंनी दोन दोन इंच मोठे ठेवावे. ओळी घालताना वरचे कापड थोडे सरकते आणि तेव्हा ही सूट उपयोगी पडते. मध्ये धोतराचा किंवा जुन्या सुती साडीचा एकच थर पुरे. जास्त थर घातले तर दुपटे वाळायला वेळ लागतो, आणि दुपटे रोज धुवावे लागते.

बाळासाठी शिवताना बटणे, टिकल्या, आरसे आणि लोंबणारे दोरे टाळावेत. गाठी थरांच्या आत घ्याव्यात. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण घालू नये, ते तोंडावर येण्याचा धोका असतो. बाळ जागे असताना अंथरायला व खेळवायला असे दुपटे वापरावे.

टाका, दोरा आणि निगा

जाड थरांसाठी मजबूत सुती दोरा घ्यावा. हातभरापेक्षा लांब दोरा ओवला तर तो पिळतो आणि गुंततो. लहान वस्तूंना दाभणाची गरज नाही. बारीक, पण कणखर सुई पुरे. एका वेळी तीन-चार टाके सुईवर घ्यावेत आणि दोरा ओढताना कापड चुणणार नाही इतकाच ताण द्यावा. सर्व टाके सारखे येत नाहीत म्हणून नवशिक्याने खट्टू होऊ नये, ओळ सरळ असणे अधिक महत्त्वाचे. जोडकाम मशीनवर आणि धावदोरा हाताने, अशी विभागणी केली तर वेळ वाचतो आणि वाकळीचा पोतही राहतो. तयार वस्तू साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवाव्यात.

चिंध्यांची प्रतिष्ठा

चिंध्या जोडण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडूनच शिवले जाते आणि मगधातील भातखाचरांच्या बांधांवरून त्याची रचना सुचल्याचे विनयपिटकात सांगितले आहे. गाडगेबाबांच्या अंगावर नेहमी ठिगळांची गोधडी असे, त्यामुळे लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी महिलांची कवंदी ही वाकळीचीच भावंडे. सिद्दी महिला कवंदीच्या कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे त्रिकोणी ‘फूल’ लावतात. ते लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय महिलांनी शेतात वापरलेल्या जुन्या कपड्यांपासून थंडीसाठी शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. २००६ मध्ये त्यांवर अमेरिकी टपाल तिकिटे निघाली. महाराष्ट्रातील गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला आहे. आपल्या घरांत मात्र पाहुणे आले की वाकळ आत जाते आणि विकतची चादर बाहेर येते. वाकळ गरिबीची खूण मानली गेली, त्यामुळे ती शिवणारीच्या कौशल्यालाही मान मिळाला नाही.

हे कौशल्य बहुतांशी लिहून ठेवलेले नाही. थरांचा ताण किती ठेवायचा, कोणता तुकडा कोठे टिकेल, विरलेल्या जागी ठिगळ कसे बसवायचे, हे ज्ञान आजीच्या किंवा आत्याच्या हातात असते आणि शेजारी बसूनच ते शिकता येते. घरात किंवा शेजारी वाकळ शिवणारी कोणी असेल, तर या सुट्टीत १८ तुकडे कापून त्यांच्याजवळ बसावे आणि पहिली ओळ त्यांच्याकडून घालून घ्यावी. पुढच्या ओळी तिच्यावर नजर ठेवून आपल्याला घालता येतात.