मुदर्रिस, सदर मुदर्रिस आणि मुआयना

उर्दू शाळेत मुख्याध्यापकाला सदर मुदर्रिस म्हणतात. मुदर्रिस म्हणजे दर्स देणारा, शिकवणारा. आणि सदर म्हणजे त्या सर्वांत पहिला. मराठीतला मुख्याध्यापक हा शब्दही याच घडणीचा आहे. दोन्ही भाषांनी या पदाला दफ्तरदार किंवा कारभारी असे नाव दिलेले नाही. शिकवणाऱ्यांत जो पहिला, तो शाळेचा प्रमुख, एवढाच त्याचा अर्थ. आज मात्र पद जितके वर जाते तितका खडू हातातून सुटत जातो. शाळेच्या प्रमुखाने आणि शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याने दर आठवड्याला काही तास वर्गात शिकवलेच पाहिजे, असा नियम असावा काय, हा प्रश्न अधूनमधून निघतो आणि विरून जातो. त्याचे उत्तर शोधायचे तर शिकवणारा आणि तपासणारा हे दोघे वेगळे केव्हा झाले, हे आधी पाहिले पाहिजे.

जुन्या मकतबात किंवा पंतोजीच्या शाळेत हा भेद नव्हता. मौलवीसाहेब शिकवीत, फी घेत आणि पालकांना जबाबही तेच देत. ती व्यवस्था आदर्श होती असे आम्ही म्हणत नाही. तिथे छडी होती, घोकंपट्टी होती आणि गोरगरिबांची, विशेषतः मुलींची, बहुतेक मुले बाहेरच राहत. पण शाळेचा भार ज्याच्यावर, तोच मुलांसमोर बसलेला असे. पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हाही शाळा चालवणारे आणि शिकवणारे हात तेच होते. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात ज्या फातिमाचा उल्लेख येतो, तिचे नाव याच कामाशी जोडलेले आहे. तिथे देखरेख करायला वेगळा साहेब नव्हता.

वेगळा साहेब आला तो १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर. प्रांतोप्रांती शिक्षणखाती निघाली, शाळांना अनुदान मिळू लागले आणि अनुदान योग्य ठिकाणी जाते की नाही हे पाहण्यासाठी इन्स्पेक्टर नेमले गेले. आपला वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता. १८६० च्या दशकात इथेही खाते उभे राहिले आणि खेडोपाडी 'दिपोटी' फिरू लागला. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुले धुतलेले कपडे घालून येत आणि मास्तरांना घाम फुटे. तपासणी एका दिवसाची, पण शेरा वर्षभर पुरे. पैसा सरकारचा, म्हणून हिशेब घेणे रास्तच होते. पण हिशेब घेणारा वर्गाच्या बाहेरचा झाला आणि शिकवणे हे खालच्या माणसाचे काम ठरले.

बढतीची वाटही एकाच दिशेची झाली. अकोल्याच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक राहिलेले विष्णु मोरेश्वर महाजनी पुढे वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात वरच्या अधिकारावर गेले. १९०७ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्षही होते. असा जाणता, वर्गातून वर चढलेला अधिकारी खात्याला मिळाला, ही चांगली गोष्ट. पण वर गेलेल्याने पुन्हा वर्गात येऊन शिकवावे, अशी सोय त्या जिन्यात नव्हती.

आमच्या उर्दू शाळांची अडचण आणखी एका पदराची होती. तपासणाऱ्याला शाळेची भाषाच येत नसेल तर तो काय तपासणार? १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा वेगळा विचार केला आणि १८८३ च्या अहवालात मुस्लिम शाळांसाठी मुस्लिम तपासणी अधिकारी नेमण्याची शिफारस केली. ही शिफारस पुष्कळदा धार्मिक सवलत म्हणून वाचली जाते. आम्हाला ती आधी शिक्षणाची गरज म्हणून दिसते. ज्याला अलिफ-बे वाचता येत नाही, त्याला पाटीवरची चूक कशी दिसेल?

वेगळी वाट दाखवली ती जामियाने. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली आणि १९२५ मध्ये ती दिल्लीला आली. १९२६ पासून १९४८ पर्यंत डॉ. झाकिर हुसेन तिचे शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू होते. पैशांची ओढाताण अशी की महिना दीडशे रुपयांहून जास्त न घेता वीस वर्षे काम करण्याची प्रतिज्ञा शिक्षकांनी केली. त्या घरात कुलगुरूही शिकवीत आणि लहान मुलांत रमत. अर्थशास्त्रात जर्मनीची डॉक्टरेट घेतलेला हा माणूस मुलांसाठी बकरीची गोष्ट लिहीत बसे. १९६७ मध्ये ते राष्ट्रपती झाले हे सर्वांना ठाऊक आहे. ते आधी मुदर्रिस होते, हे मात्र आम्ही विसरतो.

याच झाकिरसाहेबांचा आपल्या विदर्भाशी जवळचा संबंध आला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि नव्या शिक्षणाची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडे आले. त्या अहवालात अभ्यासक्रमाबरोबर देखरेखीचाही विचार आहे. देखरेख करणारा हा नुसता इन्स्पेक्टर नसावा, तो शिक्षकाचा मार्गदर्शक आणि सोबती असावा, अशी त्यामागची दृष्टी होती. पण त्याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना आली आणि 'मंदिर' या नावावरून मोठा वाद पेटला. मुसलमानांच्या मनातली शंका खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण शाळेला नाव काय द्यायचे यावर इतकी शाई सांडली की शाळेत कोण शिकवणार आणि त्याला हात कोण देणार, हा प्रश्न मागे पडला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या आणि १ मे १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी अशी उतरंड बसली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्रशासन आणि शैक्षणिक देखरेख वेगळी करावी, जवळच्या शाळांनी संकुल करून एकमेकींना मदत करावी, असे सांगितले. १९९४ मध्ये महाराष्ट्रात ४,८६० केंद्रप्रमुखांची पदे निघाली तेव्हा ही कल्पना जमिनीवर येईल असे वाटले. केंद्रप्रमुखाने शाळांना भेटी द्याव्यात आणि आदर्श पाठ घेऊन दाखवावा, ही अपेक्षा होती. आदर्श पाठ म्हणजेच अधिकाऱ्याने वर्गात उभे राहणे. पण माहिती गोळा करा, वर पाठवा, पुन्हा गोळा करा, या चक्रात तो पाठ सर्वांत आधी बाजूला पडतो.

आता भातकुलीसारख्या तालुक्यातले चित्र पाहू. खारपाणपट्ट्यातली काळी जमीन, लहान गावे आणि लहान शाळा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि स्वतंत्र मुख्याध्यापक १५० च्या वर मुले असतील तर. म्हणजे लहान शाळेत सदर मुदर्रिस हा दोघांपैकी एक असतो. त्याच्यापुढे दोन जमाती बसलेल्या असतात, आणि त्याचवेळी पोषण आहाराचा तांदूळ, पोर्टलवरची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि पंचायत समितीतली सभा हेही त्याचेच. तो सभेला गेला की त्याचा वर्ग दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गाला जोडला जातो आणि चार इयत्ता एका खोलीत बसतात. अशा शाळेला शिकवण्याची सक्ती करणे म्हणजे तहानलेल्याला पाणी पिण्याचा हुकूम देण्यासारखे आहे. तिथे नियम हवा तो उलटा: शाळेच्या वेळेत सदर मुदर्रिसाला वर्गातून बोलावू नये.

सक्तीची खरी जागा वरच्या पायऱ्यांवर आहे. मोठ्या शाळांचे प्रमुख, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी यांनी आठवड्यातले ठरलेले तास, ठरलेल्या एकाच वर्गाला, वर्षभर शिकवावे. पाहुण्यासारखे येऊन एक पाठ घेणे आणि फोटो काढून जाणे याने काही साधणार नाही; त्या वर्गाच्या निकालाची जबाबदारीही घ्यावी. जर्मनीत मुख्याध्यापकाला शिकवण्याचे तास लावून दिलेले असतात. आमच्याकडेही माध्यमिक शाळांच्या वेळापत्रकात मुख्याध्यापकांच्या नावासमोर थोड्या तासिका लिहिण्याची रीत जुनी आहे. ती कागदावरून वर्गात आणायची आहे.

यावर आक्षेप असा की अधिकाऱ्याला वेळ नाही. वेळ नाही हे खरेच आहे. पण त्याचा वेळ ज्या कागदांत जातो, त्यांतले कितीतरी कागद तो स्वतःच खाली मागतो. स्वतःचा वर्ग सोडून माहिती भरायची वेळ त्याच्यावर आली, तर कोणता तक्ता गरजेचा आणि कोणता नाही हे त्याला लवकर कळेल. दुसरा आक्षेप असा की चांगला प्रशासक चांगला शिक्षक असेलच असे नाही. मान्य. पण आम्ही त्याच्याकडे उस्तादी मागत नाही. तिसरीतल्या चाळीस मुलांपैकी पंधरा मुले घरी दुसरीच बोली बोलतात, हे त्याने खडू हातात घेऊन अनुभवावे, एवढेच मागतो.

आमच्या शाळांसाठी याचा एक लाभ वेगळाच आहे. उर्दू शाळा तपासणाऱ्याला तिथे शिकवायचेही असेल, तर त्याला उर्दू यावीच लागेल. हंटर आयोगाने जे १८८३ मध्ये शिफारशीच्या रूपात सांगितले, ते या एका नियमाने आपोआप ठरेल. उर्दू जाणणाऱ्या अधिकाऱ्यांची जागा रिकामी ठेवून भलत्याच माणसाला भेटीला पाठवण्याची सोय उरणार नाही. कारण वहीवर सही कुणीही करू शकतो, पण फळ्यावर उर्दूत एक वाक्य लिहायला ती भाषा यावी लागते. आमच्या संस्थाचालकांनी, शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी मागण्यांच्या यादीत पगार, पदे आणि खोल्या यांच्याबरोबर ही एक ओळ जोडावी, असे आम्हाला वाटते. तिला फारसा पैसा लागत नाही. म्हणूनच ती नाकारणाऱ्याला कारण सांगावे लागेल.