समुद्रावरचे पालाण : सतराव्या शतकातील मालवण किनारा आणि मराठी गद्याची दृष्टी

१

सतराव्या शतकातील युद्धजीवनाचे मराठी वाङ्मयेतिहासाने जे आकलन मांडले आहे, त्याचा मुख्य आधार बखर हा आहे. बखरीतील माहिती कितपत विश्वसनीय, हा प्रश्न वि. का. राजवाडे यांच्यापासून हिरिरीने चर्चिला गेला. त्याला समांतर असा दुसरा प्रश्न बखरीच्या वाङ्मयीन गुणांचा होता आणि र. वि. हेरवाडकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो स्वतंत्रपणे हाताळला. इतिहासकारांनी बखरीला सत्याच्या कसोटीवर घासले, समीक्षकांनी शैलीच्या. या दुहेरी व्यवहारात एक तिसरा प्रश्न मात्र मागे पडला. गद्याचा एखादा प्रकार आपल्या घडणीमुळे काय पाहू शकतो आणि काय पाहू शकत नाही, हा तो प्रश्न होय. हेडन व्हाइट यांनी १९७३ मध्ये इतिहासलेखनाच्या कथनरूपाची चिकित्सा केली, तेव्हापासून हा प्रश्न इतिहासमीमांसेत रूढ झाला आहे. आपल्याकडे तो बखरीच्या संदर्भात क्वचितच, आणि बखरीबाहेरच्या राजकीय गद्याच्या संदर्भात तर त्याहूनही कमी विचारला गेला.

हा प्रश्न विचारण्यासाठी मालवणचा किनारा विशेष सोयीचा आहे. घाटावरच्या लढाईत घोडा, स्वार, किल्ला आणि मुलूख या परिचित घटकांवर कथन उभे राहू शकते. किनाऱ्यावर तसे होत नाही. येथे युद्ध उभे राहते ते लाकूड, काथ्याचे दोर, मीठ, धान्य, भरती-ओहोटीचे ज्ञान आणि पावसाळ्याचे वेळापत्रक यांवर. शिवाय ज्यांच्या अंगी ही विद्या होती ते भंडारी, गाबीत, कोळी, दालदी हे लोक परंपरागत लष्करी कथनाच्या नायकवर्गातले नव्हते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला आणि १६६७ मध्ये ते पुरे झाले. सुमारे ४८ एकरांच्या या खडकावर, चहूबाजूंनी खाऱ्या पाण्यात, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत सिंधुदुर्ग आहे. या नावातील ‘लष्करी’ या शब्दाचा आशय किती व्यापक समजायचा, हे आपण कोणते गद्य वाचतो यावर अवलंबून राहील.

२

राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेली कृष्णाजी अनंत सभासदाची बखर ही शिवचरित्राची सर्वांत जवळची मराठी कथनसंहिता. आरमाराचे वर्णन तीत आहे आणि ते त्रोटक असले तरी नेमके आहे. गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे, मचवे अशी जहाजांच्या जातींची नामावळी येते. दोनशे जहाजांचा एक, असे दोन सुभे सांगितले जातात. दर्यासारंग आणि मायनाक भंडारी ही नावे येतात. मात्र या साऱ्याचा अर्थ लावण्यासाठी सभासद जी प्रतिमा योजतो ती पालाणाची आहे. पाण्यातले डोंगर बांधून आणि जहाजे मेळवून राजाने समुद्रावर पालाण घातले, असे तो म्हणतो.

ही प्रतिमा प्रभावी आहे यात शंका नाही, परंतु ती घोडेस्वाराची प्रतिमा आहे. समुद्र हे तिच्यात माज उतरवून मांडीखाली घ्यायचे जनावर ठरते. पालाण घालणारा दिसतो आणि पालाणाखालचे जनावर दिसते. खोगीर शिवणारा हात दिसत नाही. नामावळीतील गुराब आणि मचवा यांच्यामागे सुतार, शिंपी, लोहार आणि खलाशी यांचा जो संसार आहे, तो बखरीच्या वाक्यात शिरू शकत नाही, कारण वाक्याचा कर्ता राजा आहे आणि क्रियापद ‘घातले’ हे आहे. हा सभासदाचा दोष नव्हे. स्वामीच्या कर्तृत्वाचे निवेदन स्वामीच्या पुत्रासमोर करणे हेच ज्या प्रकाराचे प्रयोजन, त्या प्रकाराची ही व्याकरणसिद्ध मर्यादा आहे.

संख्यांच्या बाबतीतही प्रकाराचा हा प्रभाव जाणवतो. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून जलमार्गे बसरूरच्या स्वारीवर निघाले. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रात या ताफ्याची मोजणी ८५ लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे अशी दिलेली आहे. सभासदाची चारशे आणि इंग्रजांची अठ्ठ्याऐंशी यांत खरे कोण, असा वाद घालणे फारसे फलदायी नाही. एक संख्या संपूर्ण आरमाराच्या वैभवाची आहे, दुसरी एका स्वारीतल्या धोक्याची. दरबारी निवेदक भरभराट मोजतो, व्यापारी आपल्या मालावर येऊ घातलेले संकट मोजतो. दोघेही जहाजांवरची माणसे मोजत नाहीत.

३

माणसे दिसू लागतात ती हुकमी पत्रांत. ही पत्रे आपण ‘साधने’ म्हणून बाजूला काढली, वाङ्मय म्हणून वाचली नाहीत.

१६७१ मध्ये कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र मिठाविषयी आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडते, म्हणून उदमी तिकडे वळतात आणि संगमेश्वरच्या मिठाची विक्री बसते. तेव्हा बारदेशच्या मिठावर एवढी जकात बसवावी की ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावे, असा त्याचा आशय. पत्रात तलवार नाही. तरीही ते युद्धाचेच पत्र आहे, कारण ज्या बंदरांवर आरमार पोसायचे त्या बंदरांतला उदमी टिकवणे हा त्याचा हेतू आहे. वाक्यरचना पाहिली तर ती ‘असे केले तर असे होईल’ या कार्यकारणाच्या साखळीने पुढे सरकते. बखरीचे गद्य घटना जोडते. हे गद्य परिणाम जोडते.

१८ जानेवारी १६७५ चे पत्र मालवणच्या उत्तरेकडील प्रभावळीच्या सुभेदारास, जिवाजी विनायकास आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक बसावा म्हणून मुरुडसमोर पद्मदुर्ग उभारला जात होता. तेथील आरमारास नेमून दिलेला पैसा आणि धान्य सुभेदाराने पोचवले नाही. पत्रातला संताप प्रसिद्धच आहे आणि ब्राह्मण म्हणून गय केली जाणार नाही हा त्यातला इशारा वारंवार उद्धृत होतो. त्या इशाऱ्याच्या झगमगाटात मूळ तक्रार झाकली जाते. ती अशी की सिद्दीइतकाच धोका रसद न पोचवणाऱ्या कारकुनाकडून आहे. सभासदाने सिद्दीला घरातल्या उंदराची उपमा दिली. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील लष्कराला लिहिलेल्या पत्रातही उंदीर आहे. पण तो उपमान नसून खराखुरा उंदीर आहे. रात्री पेटता ठेवलेल्या दिव्याची वात तो ओढून नेईल, गवताच्या गंजी जळतील, पावसाळ्यात घोड्यांना वैरण उरणार नाही आणि मग शिपाई कुणब्यांच्या घरांतून दाणा, भाजी, फाटे उचलू लागतील, अशी ती भयशृंखला आहे. बखरीतला उंदीर शत्रूला क्षुद्र ठरवतो. पत्रातला उंदीर एका वातीपासून रयतेच्या उद्ध्वस्त घरापर्यंतचे अंतर किती थोडे आहे ते दाखवतो. वाङ्मयीन दृष्टीने यांतली कोणती रचना अधिक समर्थ, या प्रश्नाचे उत्तर आपण फार काळ गृहीत धरून चाललो.

४

या पत्रांतील विचारपद्धतीला ग्रंथरूप मिळाले ते रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, १७१६ मध्ये. आरमारावरचे प्रकरण सभासदाच्या प्रतिमेशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे. येथेही घोडा येतो. ज्याचे घोडदळ त्याची भूमी, तसे ज्याचे आरमार त्याचा समुद्र, अशा आशयाचे ते विधान आहे. परंतु हा दृष्टान्त समुद्राला घोडा करत नाही. तो घोडदळ आणि आरमार यांना समान पायरीवर ठेवतो. रूपकाची जागा तुलनेने घेतली की समुद्र जिंकायची वस्तू राहत नाही, स्वतःचे नियम असलेले क्षेत्र ठरतो.

हे नियम अमात्य तपशिलाने सांगतात. आरमाराचा खर्च त्याच्या समुद्रावरील कमाईवर सोडू नये, मुलखातून नेमून द्यावा. नाही तर सावकारांना उपद्रव होऊन बंदरे ओस पडतील. पावसाळ्याच्या छावणीसाठी दर्या खवळण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी जहाजे ओढून घ्यावीत आणि दर वर्षी एकाच बंदरावर हा भार टाकू नये. सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत. पण आंबा आणि फणस यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच गरज पडली तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावीत. या परिच्छेदाला पर्यावरणविचाराचा पूर्वावतार म्हणून गौरवण्याची अलीकडे प्रथा पडली आहे. मला त्याचे महत्त्व वेगळे वाटते. मराठी राजकीय गद्यात युद्धसामग्रीला येथे मालक आहे, त्या मालकाला काळ आहे आणि दुःख आहे. डोलकाठीकडे पाहताना तिच्यामागचे परसू दिसणे ही दृष्टीची क्रांती आहे.

या गद्याचेही भाबडेपणाने वाचन करून चालणार नाही. आज्ञा जे करू नका म्हणते, ते घडत होते असाच तिचा एक अर्थ असतो. झाडे तोडली जात होती, बंदरांवर भार पडत होता, कमाईवर जगणारे ताफे व्यापाऱ्यांना लुटत होते. पुढे अठराव्या शतकात इंग्रजी कागदपत्रांत ‘मालवणचे चाचे’ हा शब्दप्रयोग रुळला. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, पुढल्या वर्षी तो कोल्हापूरकरांना परत केला आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे घेतले. ‘चाचे’ हा शब्द अर्थातच व्यापारी सत्तेच्या सोयीचा होता. पण नेमणूक तुटली की आरमाराचे काय होते, हे अमात्यांनी शतकभर आधी ओळखले होते, हेही नाकारता येत नाही.

५

येथे समकालीन इंग्लंडशी तुलना उद्बोधक ठरते. १६३४ मध्ये पहिल्या चार्ल्सने जहाजपट्टी किनाऱ्यावरच्या परगण्यांवर बसवली आणि पुढल्या वर्षी ती आतल्या प्रदेशांवरही लादली. जॉन हॅम्पडेन याने ती देण्याचे नाकारले. १६३७ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या खटल्यात बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले; तरीही १६४१ मध्ये पार्लमेंटने ही पट्टी बेकायदा ठरवली. आरमाराचा भार कोणी उचलायचा, हाच तेथेही प्रश्न होता. फरक असा की तेथे भार उचलणाऱ्यांपैकी काहींना युक्तिवाद करण्याचे ठिकाण मिळाले आणि त्या युक्तिवादाचे गद्य मागे उरले. अर्थात हॅम्पडेन हा सधन जमीनदार होता; टेम्सवरच्या खलाशाचा आवाज त्या खटल्यातही नाही. आपल्याकडे रयत कागदावर बोलते ती बहुधा महजरात, वतनाच्या वादातली साक्षीदार म्हणून. समुद्रावरच्या श्रमाला असा कागद क्वचितच लाभला. त्यामुळे फणसाच्या धन्याचे दुःख आपल्यापर्यंत अमात्यांच्या वाक्यातून पोचते, त्याच्या स्वतःच्या नव्हे.

६

सारांश, मालवण किनाऱ्याचा सतराव्या शतकातला समाज मराठी गद्यात अनुपस्थित नाही. तो ज्या गद्यात उपस्थित आहे त्याला आपण वाङ्मयाच्या दाराबाहेर उभे केले आहे. बखरीला कलाकृती आणि पत्राला पुरावा मानणारी विभागणी वरवर निरुपद्रवी दिसते, पण तिचा परिणाम दूरगामी आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्राचीन गद्य म्हणून पालाणाची प्रतिमा शिकवली जाते आणि उंदराची वात वगळली जाते, तेव्हा विद्यार्थ्याच्या मनात इतिहासाचा कर्ता कोण हे ठरून जाते. सिंधुदुर्गावर आजही काही कुटुंबे राहतात आणि त्या तीन विहिरी त्यांना ठाऊक आहेत. किल्ल्याची कथा आपण केवळ तटाच्या बाजूने सांगत राहिलो, तर पाणी कोणी शोधले, लाकूड कोणाच्या परसातून आले आणि पावसाळ्यात जहाजे कोणी ओढली, हे प्रश्न विचारण्याची भाषाच आपल्याजवळ उरणार नाही. ती भाषा निर्माण करावी लागणार नाही. ती १६७१ च्या, १६७५ च्या आणि १७१६ च्या मराठीत आहे. ती वाङ्मय म्हणून वाचणे एवढेच बाकी आहे.